घाट चढते, नाक्यावर बंद पडते : १९९७ च्या मारुती ८००चं एक प्रकरण

"यवतेश्वरचा घाट एका दमात चढते हो. आणि खाली पोवई नाक्यावर गर्दीत आली की मान टाकते."

ऑगस्ट २०२५ मध्ये गुरुजींनी गाडी साताऱ्यातल्या माझ्या गॅरेजच्या दारात लावली आणि उतरता उतरता हे वाक्य बोलले. मी ते तसंच जॉबकार्डवर लिहून घेतलं, कारण निम्मं निदान त्यातच होतं. गिऱ्हाईक आपल्या शब्दांत जे सांगतं ते आधी पूर्ण ऐकावं. आपण त्याला लगेच "मिसिंग" किंवा "ट्यूनिंग" असं नाव दिलं की पुढचा सगळा तपास त्या नावामागे धावतो.

गाडी १९९७ची मारुती ८००, एसीवाली, एमएच ११ पासिंगची. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, सहा व्हॉल्व्ह, आणि हवा-पेट्रोल मिसळून देणारा कार्बोरेटर. गुरुजींची ही पहिली गाडी आणि अजूनही एकच. पंधरा वर्षांनंतर २०१२ मध्ये तिचं पुन्हा पासिंग झालं, मग २०१७ आणि २०२२ मध्ये. पुढचं २०२७ मध्ये आहे आणि तोवर गाडी दारात उभी राहिलेली त्यांना चालणार नव्हती. "विकायची नाही, नीट करायची," एवढं त्यांनी आधीच सांगून टाकलं.

तक्रार दोन महिन्यांची. सकाळी थंड इंजिन चोक (मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी कळ) ओढून पहिल्या सेल्फला चालू होतं आणि छान चालतं. चोक आत ढकलला की थरथर सुरू. स्टिअरिंग हलतं, आरसा हलतो, सिग्नलला पाय उचलला की इंजिन दोनदा गचकून बंद पडतं. एसी लावला तर हमखास. रस्ता मोकळा मिळाला की काही त्रास नाही, साठच्या वेगाला गाडी गुळगुळीत.

आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एका ठिकाणी प्लग, प्लगच्या वायरी, डेल्कोची (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) टोपी आणि रोटर बदलला. दुसऱ्या ठिकाणी कार्बोरेटर खोलून किट टाकलं. महिन्याभराने तोच कार्बोरेटर पुन्हा खोलून धुतला आणि "आता पेट्रोलच असं यायला लागलंय, इथेनॉलचं, जुन्या गाड्यांना चालत नाही" असं सांगून परत दिला. साडेसहा हजारांच्या आसपास खर्च झाला आणि गाडी होती तशीच. बदललेला एकही भाग वाईट नव्हता, पण तो बदलण्याआधी कुणी काहीच मोजलं नव्हतं.

मी गुरुजींना विचारलं, "पीयूसीच्या जुन्या स्लिपा आहेत का?" त्यांनी डॅशबोर्डमधून प्लॅस्टिकची पिशवी काढली. सहा-सहा महिन्यांच्या सगळ्या स्लिपा, तारखेप्रमाणे लावलेल्या. शिक्षकाची सवय.

पीयूसीच्या स्लिपेवर लोक फक्त "पास" हा शब्द बघतात. पण त्यावर दोन आकडे असतात आणि ते इंजिनाच्या पोटातले आकडे आहेत. भारत स्टेज दोन या प्रदूषण-नियमांच्या आधीच्या चारचाकीला आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. गुरुजींच्या आदल्या वर्षीच्या स्लिपेवर होतं कार्बन मोनॉक्साइड २.१ टक्के, हायड्रोकार्बन ४२०. ताज्या स्लिपेवर ०.४ टक्के आणि ११८०. दोन्ही वेळा पास. पण दोन्ही वेळचं इंजिन एकच म्हणता येणार नाही.

मिश्रणात पेट्रोल जास्त झालं की ते अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की तो खाली येतो. इथे तो पाचपटीने खाली आला होता. मग हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, जवळजवळ तिप्पट का? कारण मिश्रण इतकं पातळ झालं की काही फेऱ्यांत ते पेटतच नाही. ठिणगी पडते, आग धरत नाही आणि ते थोडंसं पेट्रोल तसंच सायलेन्सरमधून बाहेर जातं. कार्बन मोनॉक्साइड तळाला आणि हायड्रोकार्बन वर, ही जोडी दिसली की पातळ मिश्रणामुळे होणारं मिसिंग हा माझा पहिला संशय असतो. प्लग किंवा वायर खराब असती तरी हायड्रोकार्बन वाढलं असतं, पण कार्बन मोनॉक्साइड असा तळाला बसला नसता. सायलेन्सरला भोक पडून बाहेरची हवा मिसळली असती तर दोन्ही आकडे एकदम उतरले असते.

ही गाडी साताऱ्याची असल्याचा इथे फायदा झाला. १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर साफ करणारा भाग) सक्तीचा झाला तो आधी चार महानगरांत. १९९७ ला इथे घेतलेल्या या गाडीला तो नाही, त्यामुळे नळीतून येतं ते इंजिनाचं खरं बोलणं. कन्व्हर्टर असता तर त्याने बरंच काही झाकलं असतं.

आता गुरुजींच्या वाक्याकडे. घाटात चालते, नाक्यावर बंद पडते. घाट चढताना इंजिनावर सगळ्यात जास्त ताण असतो. ठिणगी कमजोर असेल, पेट्रोल पंप दमला असेल किंवा फिल्टर चोंदला असेल, तर गाडी घाटातच अडते. ही उलटी वागत होती, म्हणून तिथला संशय मी मागे टाकला.

कार्बोरेटरच्या खालून कुठूनतरी हवा आत शिरत असेल, तर मात्र ती अशीच वागते. थोडा हिशेब करून बघू. ७९६ सीसीचं चार स्ट्रोकचं इंजिन ९०० आरपीएमवर नुसतं गुरगुरत असताना मिनिटाला साधारण दीडशे लिटरच्या आसपासच हवा घेतं, कारण बटरफ्लाय (कार्बोरेटरमधली हवेची झडप) जवळजवळ बंद असते आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बोरेटरपासून सिलिंडरांकडे जाणाऱ्या वाटेत, जोराची ओढ असते. त्या ओढीला दोन मिलिमीटरचं एक भोक मिळालं तर त्यातून मिनिटाला वीसेक लिटर हवा आत येते. दीडशेत वीस म्हणजे फार झालं, आणि या हवेबरोबर पेट्रोलचा थेंबही येत नाही. आता तेच इंजिन घाटात ४००० आरपीएमवर, बटरफ्लाय सताड उघडी. हवा हजार लिटरच्या वर जाते आणि मॅनिफोल्डमधली ओढ जवळपास संपलेली असते. त्या भोकातून येईल ते कुणाच्या खिजगणतीतही नसतं. घाटात शहाणी आणि नाक्यावर वेडी, याचं कारण एवढंच.

पण कागदावर पटलं म्हणून पाना हातात घ्यायचा नसतो. याच लक्षणांचा दुसरा धनी आहे स्लो जेट, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल देणारं कार्बोरेटरमधलं बारीक छिद्र. तो चोंदला तरी आयडलिंगला पेट्रोल कमी पडतं आणि वेगात गाडी ठीक चालते. आधीच्या गॅरेजने कार्बोरेटर दोनदा धुतला तो याच समजुतीने, आणि समजूत चुकीची नव्हती. हवा जास्त की पेट्रोल कमी, हे वेगळं करणं राहून गेलं.

इंजिन पूर्ण गरम करून मी सुरुवात केली. चालू इंजिनावर चोक बोटभर बाहेर ओढला. थरथर थांबली, आवाज भरला, आरपीएम चढले. म्हणजे मिश्रण पातळ आहे हे पक्कं, पण कारण अजून दोन्हीपैकी कुठलंही. सकाळी थंडीत गाडी का छान चालते तेही यातच उलगडलं, कारण चोक त्या वेळी दोष झाकत होता.

नंतर एकेका प्लगची वायर सोडून बघितली. हे उघड्या हाताने कधी करू नये, आणि सुटलेली वायर मोकळी न ठेवता जास्तीच्या प्लगला जोडून तो प्लग बॉडीला टेकवावा, नाहीतर इग्निशनचा भाग जाऊ शकतो. तिन्ही वायरींना आरपीएम जवळपास सारखे पडले. तिन्ही सारखे अशक्त, एकटं आजारी कुणीच नाही. मॅनिफोल्डचं पॅकिंग एखाद्या सिलिंडरच्या तोंडाशी गेलं असतं तर तो एकच सिलिंडर वेगळा वागला असता. तिघांना सारखा त्रास म्हणजे दोष तिघांच्या वाटा फुटायच्या आधी, कार्बोरेटरपाशी. कॉम्प्रेशन १५२, १५५, १५० पीएसआय आलं. व्हॉल्व्ह आणि रिंगांची काळजी तिथेच मिटली.

मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावला. हे साधन आमच्याकडे फार थोड्या गॅरेजमध्ये दिसतं याचं मला वाईट वाटतं. एक चांगलं गेज एका चुकीच्या कार्बोरेटर किटपेक्षा स्वस्त पडतं. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगवर पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं. दर हजार फुटांना त्यातला साधारण एक इंच कमी धरायचा. सातारा ७४० मीटरवर, म्हणजे अडीच हजार फुटांच्या थोडं खाली, तेव्हा इथे १५ ते १८ हे ठीक. मुंबईच्या आकड्यांवर साताऱ्याची किंवा महाबळेश्वरची गाडी तपासली तर निरोगी इंजिनही आजारी ठरतं. गुरुजींच्या गाडीचा काटा १३ वर थरथरत होता. चोक थोडा ओढला की १६ वर जाऊन स्थिर व्हायचा.

मग साबणाचं पाणी. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधल्या जोडावर, चारही बाजूंनी, पिचकारीने थोडं थोडं. पुष्कळ जण इथे पेट्रोल शिंपडतात. गरम इंजिनावर ते करू नये, मी दोन जळालेले हात पाहिले आहेत. कार्ब क्लीनरचा स्प्रेसुद्धा पेट घेतो. साबणाचं पाणी भोकात ओढलं जातं, क्षणभर भोक बुजतं आणि इंजिन लगेच बोलतं. तीन बाजूंना काही झालं नाही. फायरवॉलकडच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडच्या) कोपऱ्यात, जिथे हात आणि डोळा दोन्ही पोचत नाहीत, तिथे पाणी पडलं आणि फेस आत गडप झाला. त्याच क्षणी थरथर थांबली, काटा वर सरकला. दोन सेकंदांत पाणी संपलं आणि पुन्हा पहिल्यासारखं. गुरुजी शेजारीच उभे होते. "परत करा बघू," म्हणाले. परत केलं, परत तेच झालं. मला वाटतं इतक्या खर्चानंतर त्यांना पहिल्यांदाच आपल्या गाडीचं दुखणं स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं.

कार्बोरेटर काढला. त्याच्या खाली एक जाड काळा इन्सुलेटर असतो. मॅनिफोल्डची उष्णता कार्बोरेटरमध्ये चढू नये म्हणून तो बसवलेला असतो आणि त्याच्या वर-खाली कागदी पॅकिंग येतं. किट टाकताना पॅकिंग नवं टाकलं होतं. इन्सुलेटर मात्र जुनाच होता, अठ्ठावीस वर्षांच्या उष्णतेने वाकडा झालेला. त्यावर पोलादी पट्टी आडवी धरून उजेडाकडे बघितलं तर मागच्या कोपऱ्यात फट दिसली. फीलर गेजने मोजली, ०.२५ मिलिमीटर. कार्बोरेटरची खालची फ्लँजही (बसायची सपाट कड) त्याच कोपऱ्यात, नट बसतो त्या कानाजवळ वाकलेली. हे आवळण्याच्या जोरामुळे. वाकड्या इन्सुलेटरवर गळती थांबेना म्हणून कुणीतरी नट आणखी आवळला, कान वाकला आणि फट मोठी झाली. मऊ धातूच्या कार्बोरेटरला जोर दाखवला की तो असाच सूड घेतो.

स्लो जेट मी तरीही काढून भिंगाखाली पाहिला, स्वच्छ होता. चावी फिरवली की आयडलिंगचं पेट्रोल उघड-बंद करणारा सोलेनॉइड टिकटिकत होता. डेल्कोच्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचा (ओढीच्या जोरावर ठिणगीची वेळ पुढे आणणाऱ्या डबीचा) पडदा मात्र फाटलेला निघाला आणि क्षणभर मला वाटलं की हाच दुसरा चोर. पण या कार्बोरेटरवर त्याच्या नळीचं छिद्र बंद बटरफ्लायच्या वरच्या अंगाला आहे, त्यामुळे आयडलिंगला तिथे ओढच नसते. बोट लावून पाहिलं, काही नाही. तो पडदा मायलेज खात होता, गाडी बंद पाडत नव्हता. तो बदलला, पण या तक्रारीच्या खात्यात त्याला धरला नाही.

फ्लँज सरळ करायला जाड काचेवर पॉलिश पेपर अंथरला, आधी २२० नंबरचा, मग ४००चा, आणि थेंबभर तेल घेऊन कार्बोरेटर आठच्या आकड्यात फिरवत राहिलो. सगळ्या पृष्ठभागावर घासल्याची सारखी खूण दिसेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. नवा इन्सुलेटर, दोन्ही नवी पॅकिंग. सिलिकॉन अजिबात लावलं नाही. साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं, सुटतं, आणि त्याचा तुकडा आत ओढला गेला तर नवीन दुखणं सुरू. नट आधी बोटाने, मग पान्याने समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले.

आयडलिंगचं पेट्रोल कमी-जास्त करणारा मिक्सचर स्क्रू आधीच्या माणसाने जवळजवळ साडेचार फेरे उघडून ठेवला होता, आत येणाऱ्या चोरट्या हवेला पुरं पडावं म्हणून. तो मी अडीच फेऱ्यांवर आणला, गेजचा काटा सगळ्यात वर आणि स्थिर होईल तिथे थांबलो आणि आरपीएम ९०० वर बसवले. काटा साडेसोळावर. हात बोनेटवर ठेवला तर इंजिन चालू आहे की नाही हे कळू नये इतकी शांत. निदान त्या संध्याकाळी तरी मला तसं वाटलं.

दोन दिवसांनी गुरुजींचा फोन. "एसी लावला होता, नाक्यावर परत बंद पडली. एकदाच."

खरं सांगायचं तर मी एसी लावून तपासलंच नव्हतं. तक्रारीत "एसी लावला तर हमखास" असं स्पष्ट होतं आणि मी त्याचा अर्थ "एसीचा भार पडतो म्हणून" असा परस्पर लावून मोकळा झालो होतो. या गाडीत एसी लागला की कॉम्प्रेसरचा भार पेलायला एक व्हीएसव्ही (विजेवर चालणारी ओढीची झडप) उघडते, मॅनिफोल्डची ओढ एका छोट्या डायफ्रामपर्यंत (रबरी पडद्याच्या डबीपर्यंत) जाते आणि तो डायफ्राम बटरफ्लाय किंचित उघडून आरपीएम वाढवतो. गुरुजींच्या गाडीत एसी लावल्यावर आरपीएम वाढण्याऐवजी शंभर-दीडशेने पडत होते. हाताच्या पंपाने डायफ्रामला १५ इंच ओढ दिली, तर काटा तीन सेकंदांत शून्यावर. पडदा फाटलेला. म्हणजे एसी लागताच दुहेरी मार बसत होता : बटरफ्लाय उघडत नव्हती, आणि व्हीएसव्ही उघडल्यामुळे फाटक्या पडद्यातून आणखी हवा आत येत होती. एसी बंद असताना ही वाट बंद, म्हणून माझ्या गेजवर तिचा पत्ता लागला नाही. डायफ्राम आणि सगळ्या पातळ रबरी नळ्या बदलल्या. नळ्या टोकांशी तडकलेल्या होत्याच.

राहिला इथेनॉलचा प्रश्न, कारण तो मला रोज कुणीतरी विचारतं. २०२३ पासून निवडक पंपांवर आणि आता जवळपास सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून ते जाळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट, इथेनॉलला ९ पट. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. नव्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला ते कळत नाही, तो जुन्याच मापाने देतो आणि मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं. निरोगी ८०० एवढं सहन करते, फार तर मिक्सचर स्क्रू थोडा उघडावा लागतो. पण आधीच हवा चोरणाऱ्या इंजिनाला हीच शेवटची काडी ठरते. आधीच्या गॅरेजने सांगितलं त्यात तथ्य होतं, फक्त पेट्रोलवर बोट ठेवून त्यांनी फट शोधायचं सोडून दिलं. जुन्या रबरी नळ्या मात्र या निमित्ताने बदलून घ्याव्यात असं मी प्रत्येक कार्बोरेटरवाल्याला सांगतो.

पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत बोलावली. नवं पॅकिंग दबून बसतं, म्हणून नट एकदा तपासावे लागतात. दोन नट किंचित फिरले. यावेळी गेज एसी बंद ठेवून लावला आणि एसी चालू करूनही. बंद असताना साडेसोळा. एसी लागला की आरपीएम ९०० वरून हजाराच्या थोडं वर जात होते आणि तिथेच राहत होते. दिवे, वायपर, पंखा, सगळं एकदम लावून दहा मिनिटं गाडी तशीच उभी ठेवली.

गुरुजी तिथूनच पीयूसीला गेले, मुदत संपायला अजून चार महिने होते तरी. येताना स्लिप घेऊन आले. कार्बन मोनॉक्साइड १.५ टक्के, हायड्रोकार्बन ३६०. "आता हे आकडे मला वाचता येतात," म्हणाले आणि स्लिप पिशवीत तारखेच्या जागी लावली. मग कासला फुलं आली आहेत का ते बघायला घाटाकडे निघाले. पोवई नाक्यावरून, एसी लावून.